राखेच्या बुधवारची तयारी : प्रायश्चित्तकाळाची सुरुवात कशी करावी

राखेच्या बुधवारी, म्हणजे राख घेऊन ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू करायच्या दिवशी, संध्याकाळी वसईतल्या कुठल्याही चर्चच्या आवारात उभं राहून पाहा. विरार लोकलने आलेली माणसं घरी न जाता, खांद्यावरची बॅग तशीच ठेवून थेट रांगेत लागतात. एरवी वर्षभर न दिसणारे चेहरेही त्या रांगेत असतात. त्या दिवशी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, यायलाच हवं असा ख्रिस्तसभेचा नियम नाही. तरी लोक येतात, कारण देवाकडे परत जायची ओढ खरी असते. अडचण पुढची आहे. राख लागते, आपण घरी येतो आणि पुढचे चाळीस दिवस नेमकं काय करायचं हे ठरलेलंच नसतं. मग ‘मी चहा सोडला’, ‘मी मटण सोडलं’ एवढ्यावर सगळा काळ निघून जातो, आणि ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्याच्याशी ते ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारीही बंदच असतं.

माझं सांगणं असं, की प्रायश्चित्तकाळाची सुरुवात एखादा पदार्थ सोडून करू नका, देणी मोजून करा. देवाचं काय देणं आहे आणि माणसांचं काय देणं आहे, हे आधी कागदावर येऊ द्या. उपास, प्रार्थना आणि दान या तिन्ही गोष्टी त्या देण्यांवरून ठरल्या तर शेवटपर्यंत टिकतात. कसं करायचं ते आता क्रमाने सांगतो.

आधी दिवस पक्का करा

राखेचा बुधवार दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, कारण तो ईस्टरवरून मागे मोजतात. ख्रिस्तसभेच्या गणिताने २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची. तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तिथून ४६ दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार. त्यामुळे तो लवकरात लवकर ४ फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा १० मार्चला येऊ शकतो. २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये १० फेब्रुवारी आणि २८ मार्च, तर २०२८ मध्ये १ मार्च आणि १६ एप्रिल.

४६ मधले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपासात धरत नाहीत. चाळीस या आकड्यामागे येशूने अरण्यात केलेला चाळीस दिवसांचा उपास आहे. त्याच्याही मागे सिनाय डोंगरावरचा मोशे, होरेबकडे चाललेला एलिया आणि चाळीस दिवसांची मुदत मिळालेलं निनवे शहर आहे.

आपल्याकडच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळींची सुरुवात एकाच दिवशी होत नाही, हेही ध्यानात ठेवा. केरळच्या सिरो-मलबार परंपरेतले कॅथलिक राखेने सुरुवात करतात, पण दोन दिवस आधी, सोमवारी. त्यांचा कल्याण धर्मप्रांत आहे, त्यामुळे मुंबई-ठाण्यात तुमचे शेजारी सोमवारीच राख लावून आलेले दिसतील. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळ्यांत ‘लेंट’ किंवा ‘उपवासकाळ’ हे शब्द जास्त चालतात. काही प्रॉटेस्टंट मंडळ्या राख लावत नाहीत, पण त्या दिवशी उपासना आणि वाचनं होतात. खाली मी कॅथलिक पद्धत धरून लिहिलं आहे. देण्यांचा भाग मात्र कुठल्याही मंडळीतल्या माणसाने जसाच्या तसा घ्यावा.

आणखी एक गोष्ट माहीत असली की त्या रांगेचा अर्थ बदलतो. ३२५ साली निकेया इथल्या धर्मसभेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या या काळाचा उल्लेख येतो, म्हणजे तो तेव्हाच रूढ होता. त्या जुन्या काळात राख सगळ्यांसाठी नव्हती. ज्यांच्या हातून उघड आणि गंभीर पाप घडलं असेल, त्यांना पश्चात्तापी म्हणून मंडळीपासून वेगळं उभं केलं जाई. ते गोणपाट नेसत, राख घेत, आणि ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी त्यांना पुन्हा मंडळीत घेतलं जाई. ही उघड प्रायश्चित्ताची पद्धत हळूहळू मागे पडली, आणि अकराव्या शतकात राख सगळ्यांनीच घ्यायची प्रथा पक्की झाली. १०९१ साली बेनेव्हेंतो इथे पोप दुसरे अर्बन यांच्या धर्मसभेने ती सर्वांसाठी सांगितली. म्हणजे पापी लोकांची वेगळी रांग राहिली नाही, सगळी मंडळी त्याच रांगेत येऊन उभी राहिली. आज त्या रांगेत धर्मगुरू असतो, बिशप असतो, रोममध्ये पोपही डोकं पुढे करतात. शेजारी कोण उभा आहे हे बघून नाक मुरडायला या दिवशी जागाच उरत नाही.

आठवडाभर आधी : झावळ्या परत करा, वही उघडा

मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या आपण घरच्या क्रुसामागे किंवा तसबिरीमागे खोचून ठेवतो. त्या आता वाळून कडक झालेल्या असतील. मुलांना खुर्चीवर चढवून त्या काढायला सांगा आणि चर्चमध्ये नेऊन द्या. याच झावळ्यांची राख होते. ज्या हातांनी ‘होसान्ना’ म्हणत त्या उंचावल्या, त्याच हातांनी त्या जाळायला द्यायच्या. मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

राख करायचं काम तुमच्याकडे आलं, तर थोडी काळजी घ्या. झावळ्या कात्रीने बोटभर लांबीच्या कापा, मधला जाड हीर वेगळा काढा. तो नीट जळत नाही. लोखंडी कढईत, वाऱ्याच्या आडोशाला, थोड्या थोड्या टाकून जाळा. मोकळ्या हवेत भडकून जळल्या तर राख पांढुरकी आणि हलकी येते, उडून जाते. वर झाकण सरकवून हवा कमी केली की काळी, दाट राख मिळते आणि कपाळावर तीच नीट उमटते. पूर्ण गार झाल्यावर खलबत्त्यात बारीक करून मलमलच्या फडक्यातून चाळा. भारा भरून झावळ्या जाळल्या तरी हाती मूठ-दोन मुठीच राख येते, पण एका मिस्सेला ती सहज पुरते. तिच्यात पाणी घालून लगदा करू नका. राखेत क्षार असतो, ओल्या राखेने नाजूक त्वचेची आग होते. आशीर्वादाच्या वेळी पवित्र पाण्याचे थेंब पडतात, तेवढे पुरे.

आता वही. सगळ्या तयारीतलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं हेच आपण टाळतो. एका संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास एकटे बसा. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन विचारतात, की आम्ही करायचं काय? योहान सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याला एक देऊन टाकायला सांगतो. जकातदाराला ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नको म्हणतो. शिपायांना सांगतो, की दमदाटी करून पैसे उकळू नका आणि पगारात समाधान माना. ज्याचं त्याचं प्रायश्चित्त ज्याच्या त्याच्या धंद्यात, घरात आणि खिशात आहे. तोच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा.

वहीत ‘मी रागीट आहे’, ‘मी आळशी आहे’ असं लिहू नका. त्यातून काहीच हाताला लागत नाही. नावं लिहा. वाडीत काम करणाऱ्या बाईची दिवाळीपासून राहिलेली मजुरी. बहिणीकडून घेतलेले, तिने कधी मागितले नाहीत म्हणून परत न केलेले पैसे. धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या मंडळींच्या, सभेत ज्याच्या हिशेबावर शंका घेतली आणि नंतर तो हिशेब बरोबर निघाला, तो माणूस. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी, आपण न बघितलेली मावशी. ज्या सहकाऱ्याचं काम आपल्या नावावर गेलं, तो. कुणाच्या मुलीच्या लग्नाबद्दल आपण पुढे सरकवलेली कंडी. नंतर देवाचं देणं लिहा : चुकवलेले रविवार, महिनोन्‌महिने न केलेली प्रार्थना, मिळालेल्या गोष्टींबद्दल न मानलेले आभार. आणि शेवटी आपल्याच शरीराचं : दारू, तंबाखू, रात्री एक वाजेपर्यंतचा मोबाइल.

यादी लांब झाली तर घाबरून जाऊ नका. सगळं चाळीस दिवसांत फिटणार नाही. त्यातली तीन नावं निवडा, आणि त्यात एक तरी असं घ्या की जे लिहिताना पेन अडखळलं होतं.

मंगळवार : इंत्रुजचा शेवटचा दिवस

गोव्यात शनिवारपासून मंगळवारपर्यंत कार्निव्हल चालतो, कोकणीत त्याला इंत्रुज म्हणतात. जुन्या काळी पुढचे चाळीस दिवस मांसच काय, अंडी, दूध आणि तूपही वर्ज्य असे. म्हणून घरातलं सगळं त्याआधी संपवायचं आणि आनंदाने खायचं अशी रीत युरोपभर पडली आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. त्या मेजवानीत वाईट काही नाही. फ्रीजमधलं मटण मंगळवारी खुशाल संपवा.

पण जेवण झाल्यावर आणखी एक गोष्ट करा. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत उपासकाळ लागायच्या आदल्या रविवारी संध्याकाळी क्षमेची प्रार्थना होते. धर्मगुरू आधी मंडळीपुढे वाकून क्षमा मागतो, मग एकेक जण एकेकासमोर वाकून ‘मला क्षमा कर’ म्हणतो आणि ‘देव क्षमा करो’ असं उत्तर घेतो. नवरा बायकोसमोर, सासू सुनेसमोर. ही रीत आपण घरात आणावी असं मला मनापासून वाटतं. रोजरी झाली की सगळे बसलेलेच असतात. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने सुरुवात करावी. बापाने मुलांसमोर ‘परीक्षेच्या वेळी मी तुला नको ते बोललो, माफ कर’ म्हटलं तर त्याचा मान कमी होत नाही, आणि प्रायश्चित्त म्हणजे काय हे मुलांना दहा प्रवचनांपेक्षा जास्त कळतं.

घराबाहेरचं पहिलं नावही मंगळवारीच हाती घ्या. येशूने सांगितलं आहे, की वेदीवर दान आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. वेदीचा दिवस उद्याचा आहे, म्हणून फोन आज करायचा.

काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर जुनं भांडण नव्याने सुरू होतं. चूक नेमकी सांगा, क्षमा मागा आणि थांबा. ‘दादा, वाडीच्या वाटणीच्या वेळी मी तुला चारचौघांत खोटारडा म्हणालो. ते चुकलं माझं. मला माफ कर.’ एवढंच. यानंतर ‘पण तूसुद्धा’ असा एक शब्द आला तरी सगळं पाण्यात जातं. दादा काही न बोलता फोन ठेवेल, कदाचित चिडेलही. तुमचं देणं तुम्ही दिलं, त्याने कधी आणि कसं घ्यायचं ते त्याच्या हातात आहे. पैशाची गोष्ट असेल तर शब्दांच्या आधी पैसे पाठवा. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूसमोर उभं राहून नुसतं वाईट वाटल्याचं सांगितलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असा हिशेबच मांडला.

एका बाबतीत सावध राहा. ज्या माणसाने तुमचा छळ केला त्याच्याकडे स्वतःहून जायचं ओझं या दिवशी कुणीही तुमच्यावर टाकू नये. आणि तुमच्या अचानक जाण्याने समोरच्याची जखम पुन्हा उघडणार असेल, तर आधी एखाद्या समंजस धर्मगुरूशी बोला.

बुधवार : ताट आणि राख

या दिवशी उपास आणि मांसवर्ज्य दोन्ही पाळायचं असतं. वर्षात असे दोनच दिवस आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. उपासाचा नियम १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत आहे, आणि मांस न खाण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून पुढे सर्वांना आहे. उपास म्हणजे दिवसात एकदाच पोटभर जेवण. बाकी दोन वेळा थोडं खाता येतं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. सकाळी चहा आणि अर्धी भाकरी, दुपारी वाटीभर पेज, रात्री डाळ-भात-भाजी, असं साधं चालतं. साबुदाणा, वरी, शिंगाडा असे उपासाचे वेगळे पदार्थ इथे नाहीत. भात चालतो, चपाती चालते, दूध आणि अंडंही चालतं. कमी खायचं, एवढाच नियम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मधुमेहाचे आणि इतर आजारी लोक, अंगमेहनतीचं काम करणारे, ज्यांना जेवणाच्या विकाराचा त्रास आहे ते, यांनी उपास करू नये. त्यांनी दुसरं काही द्यावं.

मासळी नियमात बसते. आपण किनाऱ्यावरची माणसं, म्हणून इथे स्पष्ट बोलायला हवं. मांस सोडलं आणि त्या जागी पापलेट, सुरमईची मेजवानी मांडली, तर नियम पाळला जातो पण उपास होत नाही. बोंबलाचं कालवण आणि भात पुरे.

मिस्सेला जायच्या आधी घरी मत्तयचा सहावा अध्याय आणि योएलचा दुसरा अध्याय वाचून जा, कारण त्या दिवशीची वाचनं तीच असतात. योएल सांगतो, की वस्त्रं फाडू नका, अंतःकरणं फाडा. मत्तयमध्ये येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी गुप्तपणे करायला सांगतो. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असंही सांगतो. चर्चमध्ये जांभळी वस्त्रं दिसतील, वेदीवर फुलं नसतील आणि ‘आलेलुया’ ऐकू येणार नाही. तो थेट ईस्टरच्या रात्री परत येतो. मिस्सेच्या सुरुवातीला नेहमी होणारा पश्चात्तापविधी त्या दिवशी नसतो, त्याची जागा राख घेते. प्रवचन झालं की राखेला आशीर्वाद देतात आणि रांग सुरू होते.

धर्मगुरू दोनपैकी एक वाक्य म्हणतो. एक उत्पत्तीच्या पुस्तकातलं : तू माती आहेस आणि मातीला मिळशील. दुसरं मार्कच्या शुभवर्तमानातलं : पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. आपल्या वाट्याला जे येईल ते ऐका आणि त्याच क्षणी वहीतलं पहिलं नाव मनात आणा. मातीचं वाक्य आलं तर एवढं समजा, की देणी फेडायला वेळ मोजका आहे. आपल्याकडे राखेचा क्रूस कपाळावर काढतात. इटलीत आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी राख डोक्यावर शिंपडतात. कोविडच्या साथीत, २०२१ साली, व्हॅटिकनने सगळीकडेच स्पर्श न करता डोक्यावर शिंपडायला सांगितलं होतं. दोन्ही पद्धती सारख्याच मानाच्या आहेत.

राख कोणालाही घेता येते. बाप्तिस्मा न झालेला मित्र, लग्नाच्या गुंत्यामुळे ख्रिस्तप्रसाद न घेणारा माणूस, लहान मूल, सगळे रांगेत येऊ शकतात. हे त्यांना आवर्जून सांगा, कारण आपल्याला परवानगी नाही असं समजून कितीतरी जण मागच्या बाकावर बसून राहतात. अंथरुणावर असलेल्यांसाठी आदल्या आठवड्यातच धर्मग्राम कार्यालयात नाव द्या. राख घरी नेऊन देण्याचं काम प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, सेवकही करू शकतात.

राख पुसावी की ठेवावी, याला नियम नाही. सकाळी लावून ऑफिसला जात असाल तर लाज वाटून पुसू नका आणि दिसावी म्हणून जपूही नका. कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगा.

तीन नेम कसे ठरवायचे

प्रार्थनेचा नेम छोटा आणि ठरलेल्या वेळेचा ठेवा. सकाळी स्तोत्र ५१ हळू वाचा. नाथान संदेष्ट्याने चूक पदरात घातल्यावर दाविदाने केलेली ही विनवणी पश्चात्तापाचे सगळे शब्द तयार देते. रात्री पाच मिनिटं दिवस मागे फिरवून पाहा : आज कुणाचं काही घेतलं का, कुणाला काही दिलं का? शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला जा, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेला. ज्यांना मराठीत ख्रिस्ताचं दुःखसहन सावकाश वाचायचं आहे, त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणातल्या ओव्या हाती घ्याव्यात. भाषा जुनी आहे, मोठ्याने वाचली की उलगडते.

उपासाचा नेम ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो : हे सोडल्याने कुणाला काय मिळणार? चहा सोडून दिवसभर घरातल्यांवर खेकसणार असाल तर चहा घ्या. दारू सोडली आणि ते पैसे घरात आले, तर तो खरा उपास. रात्री नऊनंतर मोबाइल बंद केला आणि तो तास म्हाताऱ्या वडिलांच्या शेजारी बसण्यात गेला, तर तोही खरा. वजन कमी करायला केलेल्या उपासाला देवाचं नाव देऊ नका. रविवारी नेम सैल करता येतो. १९ मार्चचा संत योसेफाचा आणि २५ मार्चचा देवदूताच्या निरोपाचा सण शुक्रवारी आला, तर त्या दिवशी मांस वर्ज्य नसतं.

दानावर मात्र मी जास्त भर देईन, कारण आपल्या घरांत तेच सर्वांत मागे पडतं. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सेत यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. उपास करूनही देव लक्ष का देत नाही, अशी लोकांची तक्रार असते. देव उत्तर देतो, की उपासाच्या दिवशीच तुम्ही तुमच्या मजुरांना पिळता. मग त्याला हवा असलेला उपास तो सांगतो : जुलमाचे बंध सोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, बेघराला घरात घेणं. म्हणून दानाची सुरुवात मजुरीपासून करा. घरकाम करणाऱ्या ताईंचे, वाडीवरच्या गड्याचे, रिक्षावाल्याचे थकलेले पैसे पहिल्या आठवड्यातच चुकते करा. हे दान नाही, हे देणं आहे, आणि ते फिटल्याशिवाय दानपेटीत टाकलेल्या नोटेला वजन येत नाही.

त्यानंतर स्वयंपाकघरात एक रिकामी बरणी ठेवा. शुक्रवारी जो बाजार आणला नाही त्याचे पैसे त्याच दिवशी तिच्यात टाका. महिनाअखेरीस हिशेब करू म्हटलं की ते राहून जातं. मुलांना त्यांच्या खाऊतलं त्यांच्या हाताने टाकू द्या. बरणी कुणासाठी आहे हे आधीच ठरवा. धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर तिच्या कार्यकर्त्यांना गरजू घरं ठाऊक असतात. कारितास इंडिया ही कॅथलिक मदतसंस्था या काळात भूक आणि रोगराईविरुद्ध देशभर मोहीम चालवते, तिला देता येतं. पण पैशाबरोबर एक तरी माणूस ओळखीचा करून घ्या. त्याच्या घरी जा, बसा, तो काय सांगतो ते ऐका.

पहिले चार दिवस आणि पहिला रविवार

गुरुवार ते शनिवार हे तीन दिवस नेमाची घडी बसवायचे. वेळ जमत नसेल तर बदला, नेम मोठा वाटत असेल तर अर्धा करा. आताच कापलेला बरा. मध्ये एखादा दिवस मोडला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू करा. मोडलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुप्पट उपास करायच्या भानगडीत पडू नका.

पहिल्या रविवारी अरण्यातल्या मोहाचं शुभवर्तमान असतं. दुसऱ्या रविवारी डोंगरावर येशूचं रूप पालटतं. पुढचे तीन रविवार मूळचे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी आहेत. २०२६ सारख्या, रविवारी मत्तयचं शुभवर्तमान वाचायच्या वर्षात विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध आणि लाजरस ही योहानच्या शुभवर्तमानातली तीन मोठी प्रकरणं ओळीने येतात. तुमच्या धर्मग्रामात कुणी बाप्तिस्म्याची तयारी करत असेल, तर त्याचं नाव विचारून रोजच्या प्रार्थनेत घ्या.

कुमसारला लवकर जा

कुमसार म्हणजे धर्मगुरूसमोर केलेलं पापनिवेदन. ते पवित्र सप्ताहावर, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यावर, ढकलू नका. तेव्हा रांगा मोठ्या असतात, धर्मगुरू थकलेले असतात, आणि पाच मिनिटांत मनातलं सगळं सांगून होत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात फादरांना फोन करून वेळ मागा. वही बरोबर न्या. शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगा. अनेक वर्षं झाली असतील तर तसं सांगून ‘मला मदत करा’ म्हणा, पुढचे प्रश्न ते विचारतील. जड वाटणारी गोष्ट आधी सांगा. जे सांगाल ते त्या जागेबाहेर कधीच जात नाही. ते गुपित फोडण्याची मुभा धर्मगुरूला कोणत्याही परिस्थितीत नाही.

वहीतली जी देणी फेडता येत नाहीत, तीही तिथेच विचारा : ज्याला फसवलं तो माणूस वारला आहे, ज्याचे पैसे होते त्याचा पत्ता नाही, जे बोललो ते आता मागे घेता येत नाही. अशा पैशांचं काय करायचं, वारलेल्याच्या मुलांना द्यायचे की गरिबांना, मिस्सा सांगायची का, यावर फादर नेमका मार्ग सांगतात. सांगितलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी, चर्चच्या बाकावर बसूनच पुरं करा. आणि थकलेली मजुरी अजून दिली नसेल, तर घरी जाताना वाटेत ती देऊन मगच पुढे जा.